माणसंच होतात रोबोट : 'स्टीम पॉवर्ड जिराफ'ची कॉन्सर्ट नेमकी असते तरी कशी?

पुण्यात गणपतीत सजीव देखावे बघितले असतील, तर ही गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. पडदा उघडतो, कलाकार पुतळ्यासारखे उभे असतात. गर्दीतलं एखादं पोरगं हमखास विचारतं, "आई, हे खरे आहेत का?" तेवढ्यात पुतळा हलतो आणि पोरगं आईच्या मागे लपतं.

आता हाच प्रकार अमेरिकेत आहे असं समजा. पुतळे देवांचे किंवा मावळ्यांचे नाहीत. चेहरे चांदी आणि तांब्याच्या रंगात रंगवलेले, डोक्यावर जुन्या काळची हॅट, अंगात वेस्टकोट. मान झटक्यात वळते, झटक्यात थांबते. पापणी लवत नाही. मग त्यातला एकजण गिटार उचलतो आणि सगळे मिळून इतक्या सुरात गायला लागतात, की टाळ्या वाजवायचं भान राहत नाही.

या बँडचं नाव 'स्टीम पॉवर्ड जिराफ', म्हणजे वाफेवर चालणारा जिराफ. रील्सवर यांचे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात आणि खाली नेहमीचे प्रश्न असतात. हे खरे रोबोट आहेत का? एआय आहे का? हे लोक आहेत तरी कोण?

एकेक करून बघूया.

हा बँड आहे कोणाचा?

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू. हे रोबोट नाहीत. ही हाडामांसाची माणसं आहेत.

२००८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात हा ग्रुप सुरू झाला. केंद्रस्थानी होती डेव्हिड बेनेट आणि इसाबेला 'बनी' बेनेट ही जुळी भावंडं. दोघांनी तिथल्या ग्रॉसमाँट कॉलेजात मूकाभिनयाचं शिक्षण घेतलं होतं. त्यांचे शिक्षक जेरी हेगर हे स्वतः सॅन दिएगोत रस्त्यावर मूकाभिनय करण्यासाठी ओळखले जायचे. म्हणजे गुरूही रस्त्यावरचा आणि शिष्यही रस्त्यावरचे.

सुरुवातीला स्टेज नव्हतं, तिकीट नव्हतं. शहरातल्या बाल्बोआ पार्कमध्ये ते रोबोटच्या वेशात उभे राहायचे आणि गायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायचं, हसवायचं, खिशातून चार डॉलर काढायला लावायचे. आपल्याकडचे बहुरूपी दारोदार जाऊन हेच करत आले आहेत. पुढे सॅन दिएगोच्या प्रसिद्ध प्राणिसंग्रहालयात त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. मग थिएटर, दौरे आणि अल्बम आले.

२००९ मध्ये पहिला अल्बम आला, त्याचं नावच 'अल्बम वन'. २०१२ मध्ये 'द टू सेंट शो' आला. 'हनीबी' या गाण्याने त्यांना इंटरनेटवर जगभरातले प्रेक्षक मिळवून दिले. २०१५ मध्ये 'द व्हाइस क्वाड्रंट' हा अंतराळात घडणाऱ्या गोष्टीवरचा अल्बम आला. त्याच वर्षी 'स्टीमवर्ल्ड हाइस्ट' या व्हिडिओ गेमसाठी त्यांनी संगीत दिलं आणि गेममध्ये रोबोट बँड म्हणून ते स्वतःही दिसले.

गाण्यांची जात एकच नाही. कधी रॉक, कधी लोकगीतासारखं साधं गिटारवरचं गाणं, तर कधी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन नाटकमंडळ्यांसारखा विनोदी ढंग. पण ओळख एकाच गोष्टीने पटते. तीन आवाज एकमेकांत असे मिसळतात, की कोणता कोणाचा ते शोधावं लागतं.

जिराफ कुठून आला?

बँडची स्वतःची एक कपोलकल्पित गोष्ट आहे आणि कॉन्सर्टला जाण्याआधी ती माहीत असलेली बरी.

गोष्ट सुरू होते १८९६ मध्ये. कर्नल पीटर वॉल्टर नावाचा एक संशोधक डेलायला नावाच्या शास्त्रज्ञ स्त्रीच्या प्रेमात पडतो. तिचं मन जिंकण्यासाठी तो गाणारे रोबोट बनवतो. पण त्याचा एक प्रतिस्पर्धी असतो. तो तांब्याचे हत्ती तयार करून धुमाकूळ घालतो. मग रोबोटना गाणं सोडून लढायला जावं लागतं आणि या लढाईसाठी वाफेवर चालणारा एक अजस्र जिराफ बनवला जातो. बँडचं नाव तिथून आलं.

म्हणजे गोष्टीनुसार हे रोबोट शतकापेक्षा जास्त म्हातारे आहेत. प्रेमासाठी बनवले, युद्धाला पाठवले आणि शेवटी पुन्हा गायला लागले. म्हणून ते चकचकीत नाहीत. त्यांची यंत्रं कुरकुरतात, जीभ अडखळते, मध्येच गाडी बंद पडते.

या सगळ्या शैलीला 'स्टीमपंक' म्हणतात. वीज आणि संगणकाऐवजी वाफेवरच जग पुढे गेलं असतं तर कसं दिसलं असतं, ही त्यामागची कल्पना. पितळी चाकं, गॉगल, चामडी पट्टे, टोप्या. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये पहिल्यांदा वापरला, तोही थोडा गमतीतच.

माणूस रोबोट कसा दिसतो?

मेकअप हा फक्त अर्धा भाग. अंगाला चंदेरी रंग फासून कोणी रोबोट होत नाही. खरी जादू हालचालीत आहे.

साधा प्रयोग करून बघा. समोरचा पाण्याचा ग्लास उचला. तुमचा हात हळू सुरू होतो, मध्ये वेग घेतो आणि ग्लासजवळ पोचताना पुन्हा मंदावतो. सोबत खांदा हलतो, मान हलते, डोळे आधीच ग्लासवर गेलेले असतात. हे सगळं आपल्या नकळत होतं.

रोबोटची भूमिका करणारा कलाकार नेमकं हेच मोडतो. एका वेळी एकच सांधा हलवायचा. वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवायचा. थांबायचं तर ब्रेक मारल्यासारखं, आणि थांबल्यावर शरीराला बारीकसा हिसका द्यायचा, जणू आतलं वजन पुढे गेलं आणि मागे आलं. बघायचं असेल तर नुसते डोळे फिरवायचे नाहीत, अख्खं डोकं फिरवायचं. पापण्या शक्य तितक्या कमी हलवायच्या.

आता हे सगळं करत असताना गायचंय. गाण्यासाठी श्वास लागतो आणि श्वास घेतला की छाती हलते. तो श्वास लपवून तिघांच्या आवाजाचा मेळ सांभाळायचा, वर गिटार वाजवायची. तासभर हे करून बघा, मग कळेल मूकाभिनयाचं शिक्षण का लागतं.

पण मग भीती का वाटत नाही? जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक मुद्दा मांडला होता. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आपल्याला ते आवडायला लागतं. पण ते जवळजवळ माणूस, तरीही पूर्ण माणूस नाही, अशा टप्प्यावर आलं की अंगावर काटा येतो. स्टीम पॉवर्ड जिराफचे रोबोट या टप्प्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. चेहऱ्यावरच्या धातूच्या रेघा रंगवलेल्या आहेत हे स्पष्ट दिसतं. फसवणूक नाही, खेळ आहे. म्हणून लहान मुलंही पाच मिनिटांत रमतात.

कॉन्सर्टमध्ये नेमकं काय होतं?

नेहमीच्या रॉक शोमध्ये गाणं संपलं की गायक पाणी पितो, "कसे आहात मंडळी" म्हणतो आणि पुढचं गाणं सुरू होतं. इथे गाणं संपलं की नाटक सुरू होतं.

मुख्य पात्रं दोन. एक 'द स्पाइन', चंदेरी, उंच, खोल आवाजाचा, शांत. ही भूमिका डेव्हिड करतो. दुसरी 'रॅबिट', तांब्याच्या रंगाची, अडखळत बोलणारी, खोडकर, काहीही बरळणारी. ही भूमिका बनी करते. एक शहाणा आणि एक वात्रट, ही जोडी तमाशाच्या वगापासून टीव्हीच्या स्किटपर्यंत सगळीकडे चालते, इथेही चालते. तिसरा रोबोट या दोघांच्या मध्ये अडकतो.

संवादांचा सांगाडा ठरलेला असतो, पण बरंचसं जागेवर सुचतं. प्रेक्षकांतून कोणी ओरडलं, तर रोबोट त्याला उत्तर देतात. कोणी वेगळा टोप घालून आलं, तर त्याच्यावर पाच मिनिटं विनोद होतात.

आणि इथेच या शोची सगळ्यात हुशार युक्ती आहे. लाइव्ह कार्यक्रमात चुका होतात. माइक बंद पडतो, गिटारची तार तुटते, ओळ विसरते. बाकीचे बँड ओशाळतात. इथे ती चूक रोबोटच्या बिघाडात खपून जाते. शब्द विसरला? मशीन अडकलं. हसू आवरेना? वायर शॉर्ट झाली. प्रेक्षकांना खरं काय ते कळतं आणि म्हणूनच ते जास्त हसतात. एकच कार्यक्रम दोनदा बघायला लोक जातात ते याच बिघाडांसाठी.

एखादा रोबोट सोडून गेला तर?

बँड म्हटलं की माणसं येणार आणि जाणार. पण पात्रं शंभर वर्षं जुने रोबोट असतील, तर राजीनामा कसा दाखवायचा?

सुरुवातीच्या काळातला लाडका रोबोट होता 'द जॉन', सोनेरी चेहऱ्याचा आणि स्वप्नाळू. तो साकारणारा कलाकार २०१२ च्या शेवटी बाहेर पडला. बँडने त्याच चेहऱ्याखाली दुसरा माणूस उभा केला नाही. त्याऐवजी 'हॅचवर्थ' नावाचा नवा रोबोट आला. इतकी वर्षं तो बंद खोलीत ठेवलेला होता, अशी त्याची गोष्ट सांगितली गेली. पुढे हॅचवर्थही गेला आणि 'झिरो' आला.

नाटकात नट बदलला तरी पात्र तेच राहतं. इथे उलट ठरलं. माणूस गेला की त्याचं पात्रही त्याच्यासोबत गेलं. मेकअपखालचा माणूस बदलता येण्यासारखा नाही, हे बँडने मान्य केलं. यंत्रांचं नाटक करणाऱ्यांनी हे करावं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रॅबिट 'तो' की 'ती'?

जुने व्हिडिओ बघून नवे व्हिडिओ बघणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. २०१० च्या आसपासच्या व्हिडिओंत रॅबिट पुरुष रोबोट आहे. नंतरच्या व्हिडिओंत ती स्त्री रोबोट आहे. कलाकार बदलला का?

नाही. कलाकार तीच आहे. २०१४ च्या सुमारास बनी बेनेट यांनी आपण ट्रान्स स्त्री असल्याचं जाहीरपणे सांगितलं. आणि त्यांच्यासोबत रॅबिटही स्टेजवर स्त्री रोबोट झाली.

हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. बँडचा अर्धा डोलारा रॅबिटवर उभा होता. लोक ज्या पात्रावर प्रेम करत होते ते बदलणार होतं. व्यवसायाच्या हिशेबाने सोपा रस्ता असा होता, की खाजगी आयुष्यात काहीही असो, स्टेजवर जुनाच रॅबिट चालू ठेवायचा. रंगाच्या थराखाली कोणाला काय दिसणार होतं? पण मग रोज संध्याकाळी बनी यांना दोन मुखवटे घालावे लागले असते, एक रोबोटचा आणि दुसरा पुरुषाचा.

त्यांनी दुसरा मुखवटा काढून ठेवला. रॅबिट अजूनही अडखळते, वात्रटपणा करते, द स्पाइनला छळते. फक्त आता ती स्वतःच्या नावाने करते. रोबोटच्या गोष्टीत सुटे भाग बदलतात, नवं मॉडेल येतं, हे प्रेक्षकांना सवयीचं असतंच. जी गोष्ट घरच्या लोकांना समजावताना जीव थकतो, ती इथे गोष्टीच्या ओघात बसली.

मराठीत हे लिहिताना एक गंमत लक्षात येते. इंग्रजीत नुसतं क्रियापद वाचून गाणारा पुरुष आहे की स्त्री ते कळत नाही. मराठीत पळवाट नाही. 'रॅबिट गातो' किंवा 'रॅबिट गाते', दोन्हींपैकी एक निवडावंच लागतं. म्हणून या लेखात सगळीकडे 'गाते' आहे, जुन्या व्हिडिओबद्दल सांगतानाची एक ओळ सोडून. तुम्ही रील शेअर करताना कॅप्शन लिहाल तेव्हा हे लक्षात असू द्या. एका अक्षराचा फरक आहे, पण समोरच्यासाठी तो मोठा असतो.

रोबोटची आवड संगीताला नवी आहे का?

अजिबात नाही. 'रोबोट' हा शब्दच मुळात रंगभूमीवरून आला. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० मधल्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो पहिल्यांदा आला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीचं काम, आपल्या शब्दांत वेठबिगारी. म्हणजे पहिला रोबोट नटानेच साकारला होता.

संगीतात या कल्पनेचे वेगवेगळे अवतार झाले.

क्राफ्टवर्क : या जर्मन बँडने १९७८ च्या 'द मॅन-मशीन' अल्बममध्ये 'द रोबोट्स' हे गाणं केलं. पुढे कॉन्सर्टमध्ये या गाण्याच्या वेळी माणसांच्या जागी यांत्रिक पुतळे उभे राहू लागले.

कॅप्चर्ड बाय रोबोट्स : अमेरिकेत १९९६ मध्ये जे व्हान्स या संगीतकाराने स्वतःच वाद्यं वाजवणारे रोबोट बनवले. गोष्ट अशी, की रोबोटनी त्यालाच कैद केलंय.

कॉम्प्रेसरहेड : जर्मनीत तयार झालेले खरेखुरे रोबोट, जे हेवी मेटल वाजवतात. ड्रमरला चार हात आहेत, गिटारवादकाला ७८ बोटं.

द प्रोटोमेन : अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला हा बँड 'मेगा मॅन' या व्हिडिओ गेमवर आधारित रॉक ऑपेरा करतो. पहिला भाग २००५ मध्ये आला, दुसरा २००९ मध्ये. यांची गोष्ट जास्त काळोखी आहे. नायक लोकांसाठी लढतो आणि लोक नुसते बघत उभे राहतात.

डाफ्ट पंक : हेल्मेटमागे चेहरे लपवणारी फ्रेंच जोडी. २०२१ मध्ये त्यांनी काम थांबवलं.

यादी नीट बघितली तर दोन गट दिसतात. काही ठिकाणी यंत्रं माणसाचं काम करतात, काही ठिकाणी माणसं यंत्राचं सोंग घेतात. स्टीम पॉवर्ड जिराफ दुसऱ्या गटातला आहे.

जायचं असेल तर काय लक्षात ठेवाल?

अमेरिकेत राहणारे किंवा तिकडे नातेवाइकांकडे जाणारे अनेक वाचक आहेत, म्हणून थोडं कामाचं बोलू. हे मुद्दे अशा कोणत्याही थिएट्रिकल रॉक शोला लागू होतात.

वयाची अट बघा. शो मुलांना आवडण्यासारखा असला तरी जागा कोणती आहे यावर नियम ठरतात. काही क्लबमध्ये १८ किंवा २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. तिकीट काढण्याआधी 'ऑल एजेस' लिहिलंय का ते तपासा.

बसायचं की उभं राहायचं ते बघा. क्लबमध्ये बहुतेक वेळा खुर्च्या नसतात. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर थिएटरमधला शो निवडा. शिवाय मूकाभिनय बघायचा असेल तर चेहरे दिसणं गरजेचं आहे. मागून नुसता आवाज ऐकलात तर अर्धा कार्यक्रम हुकला.

वेशभूषा करून जा, पण बेताने. प्रेक्षक गॉगल, हॅट, वेस्टकोट घालून येतात आणि त्यात मजा आहे. खोटी बंदूक, लांब काठी, धातूचे टोकदार भाग मात्र सुरक्षारक्षक दारातच काढून घेऊ शकतात. उंच हॅट घातलीत तर मागच्याचाही विचार करा.

कान सांभाळा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत ठीक. त्यानंतर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते फक्त १५ मिनिटं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, ते खिशात ठेवा. मुलांसाठी कानावर बसणारे इअरमफ घ्या. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज जास्त झाला असं समजा.

मोबाइल जरा खाली ठेवा. एखादा व्हिडिओ घ्या, पण फ्लॅश नको. तासभर पापणी न हलवण्याचा प्रयत्न करणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं बरं नाही. आणि कलाकार भेटलेच, तर न विचारता हात लावू नका. रंग तुमच्या कपड्यांना लागेल हे आहेच, पण मुद्दा तो नाही. आतमध्ये माणूस आहे.

मग लोक हे बघायला का जातात?

आज एआयने बनवलेली गाणी आपल्या प्लेलिस्टमध्ये शिरतायत. मशीन माणसासारखं गातंय आणि आपण कान देऊन ओळखायचा प्रयत्न करतोय, की हा आवाज खरा आहे का. त्याच फोनवर एक रील येते. त्यात तांब्याच्या रंगाचा चेहरा अडखळत गातोय आणि खाली कोणीतरी विचारतं, हे एआय आहे का?

उत्तर आता तुम्हाला माहीत आहे. ही अशी माणसं आहेत, ज्यांनी बागेत उभं राहून, वर्षानुवर्षं घाम गाळून यंत्र होण्याचा सराव केला. त्यांची तार तुटते, श्वास लागतो, हसू फुटतं. त्यांच्यातला एकजण निघून गेला तर त्याची जागा रिकामीच राहते. प्रेक्षक तिकीट काढतात ते रोबोट बघायला, आणि टाळ्या वाजवतात त्या क्षणाला, जेव्हा रोबोट बिघडतो आणि आतला माणूस दिसतो.

पुढच्या वेळी ती रील आली आणि कोणी कमेंटमध्ये तोच प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला तुम्ही आहातच.